मेल्यानंतर काय? तुमच्या घरी खरोखर काय मानतात?

घाटावरची_सांगली

गेल्या महिन्यात माझे सासरे गेले. वय झालेलं, अंथरुणात फार दिवस काढले नाहीत, शेवटपर्यंत माणसं ओळखत होते. मातीला आलेले सगळे 'सोनं झालं म्हाताऱ्याचं' म्हणत होते, आणि ते खरंच आहे. मला विचारायचंय ते वेगळं.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला आम्ही सगळे कृष्णाकाठी होतो. सावडून झालं, जागेवर पाणी शिंपडलं, मग आबांच्या आवडीचं पान मांडलं. भात, दोन कांदाभजी, चपाती, कपभर चहा आणि शेजारी त्यांची चुन्याची डबी. कावळे समोरच्या बाभळीवर होते, पण खाली उतरेनात. माणसं उन्हात ताटकळली. चुलत सासरे हळूच म्हणाले, "काहीतरी मनात राहिलंय त्यांच्या, बोला." दीर पुढे झाले, हात जोडले आणि म्हणाले, "आबा, आईला मी अंतर देणार नाही. विहिरीकडची पट्टी विकणार नाही." मंडळी चार पावलं मागे सरली. थोड्या वेळानं एक कावळा उतरला आणि भजी उचलून गेला. सगळ्यांचे डोळे भरून आले, माझेही.

माझा मुलगा दुसरीत आहे. त्यानं तिथंच मोठ्यानं विचारलं, "आबा कावळ्यात गेले का?"

काकी म्हणाल्या, "हो रे राजा, आबाच जेवायला आले." भटजी म्हणाले, "कावळा नुसता निरोप्या. आबा अजून वाटेवर आहेत." नणंदेचे यजमान म्हणाले, "आबा देवाघरी पोचले." कॉलेजात शिकणारा पुतण्या म्हणाला, "तसलं काही नसतं, माणूस संपला की संपला." एकाच घाटावर, एकाच माणसाबद्दल. पोरगं माझ्या तोंडाकडे बघत राहिलं. "घरी गेल्यावर सांगते," असं म्हणून मी त्याला गाडीत बसवलं. तो अजून वाट बघतोय.

म्हणून विचारते. पोथीत काय आहे ते लिहाच, पण तुमच्या घरात काय धरून चालतात आणि एकटे असता तेव्हा तुम्हाला स्वतःला काय वाटतं, तेही लिहा. दुसऱ्याच्या श्रद्धेची टर कुणी उडवू नये एवढीच विनंती.

संगममाहुली

ताई, आबांना सद्गती लाभो.

साताऱ्याजवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आमचं गाव. पंचक्रोशीतली माणसं शेवटी आमच्याच घाटावर येतात. १७४९ साली गेलेल्या छत्रपती शाहू महाराजांची समाधीही इथंच आहे. वडील उत्तरक्रियेचं काम करायचे. मी बँकेत गेलो, पण लहानपणी त्यांच्या मागं दर्भाची जुडी घेऊन हिंडलोय.

तुमच्या भटजींनी सांगितलं ते बरोबर, पण अर्धंच. गरुडपुराणाप्रमाणे देह जळाला की जीवाला शरीरच उरत नाही. मग मुलगा दहा दिवस रोज एक पिंड देतो आणि त्यातून हातभर लांबीचा नवा देह तयार होतो. पहिल्या दिवशी डोकं, मग एकेक अवयव, आणि दहाव्या दिवशी भूक-तहान. ज्या शरीराला आपण अग्नी दिला ते आपणच भाताच्या गोळ्यांनी पुन्हा घडवायचं, अशी ती कल्पना. दहाव्याला कावळ्याची वाट बघतात ती म्हणूनच, त्या दिवशी भूक लागलेली असते. त्यानंतर वर्षभराची वाट, यमलोकापर्यंत.

आता माझी अडचण सांगतो. गीता म्हणते, जीर्ण वस्त्र टाकून नवं घ्यावं तसा आत्मा दुसरा देह घेतो. मग वर्षभर चालतो तो कोण? आणि दुसरीकडे जन्म झाला असेल, तर पितृपक्षात आपल्या दारी जेवायला येतो तो कोण? वडिलांना हे मी शाळकरी वयात विचारलं होतं. ते म्हणाले, ज्या योनीत असेल त्या योनीचं अन्न होऊन पोचतं. देव झाला असेल तर अमृत, जनावर झालं असेल तर गवत. तेव्हा माझं समाधान झालं नाही, आजही पुरतं होत नाही.

पण एक विधी मला फार खोल वाटतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. बाराव्या दिवशीचं सपिंडीकरण. गेलेल्याच्या नावाचा लांबट पिंड करतात, त्याचे दर्भानं तीन भाग करतात आणि त्याच्या वडिलांच्या, आजोबांच्या, पणजोबांच्या पिंडांत ते मिसळतात. मुलाच्या हाताला तो मऊ भात लागतो आणि कुठला गोळा कुणाचा ते क्षणभरात ओळखू येईनासं होतं. तोवर गेलेला माणूस प्रेत, त्यानंतर पितर. आणि पंगतीत एक नवा बसला की सगळ्यात जुना उठतो. म्हणजे तुमच्या दिरांनी आबांचं नाव घ्यायला सुरुवात केली, त्या दिवसापासून आबांच्या पणजोबांचं नाव घेणं थांबलं. तीन पिढ्या धरायच्या, चौथी सोडायची. आठवायची रीत सगळ्या धर्मांत आहे. सोडून देण्याची इतकी रेखीव रीत मी दुसरीकडे पाहिली नाही.

वारणाकाठ

आम्ही दिगंबर जैन, शेतकरी. आमच्यात पिंड नाही, श्राद्ध नाही, कावळा नाही. आजूबाजूचं पाहून काही घरं तेराव्याचं जेवण घालतात, पण ती शेजाराची सवय, शास्त्र नव्हे.

आमच्याकडे उत्तर एकदम सरळ आहे. आत्मा देह सोडतो आणि आपल्या कर्मासह नव्या जन्माच्या जागी पोचतो. मधे वेळ जातो तो एक, दोन, फार तर तीन समय. आणि पापणी लवते तेवढ्यात असे असंख्य समय होऊन जातात. म्हणजे घरात पहिला हंबरडा फुटतो तेव्हा गेलेल्याचा पुढचा जन्म सुरूही झालेला असतो. तो वाटेवर नाही, उपाशी नाही, आपल्या दारात घुटमळत नाही. आपण इथून काही पाठवलं तर पोचत नाही. ज्यानं त्यानं आपलं कर्म घेऊन जायचं.

कोरडं वाटेल, पण माझ्या आज्जीचं मरण मी पाहिलंय. तिनं मुनिमहाराजांच्या आज्ञेनं सल्लेखना घेतली होती. आधी गोड आणि तेलतूप सोडलं, मग धान्य, मग ताक, शेवटी चमचाभर पाणी. घरातले पाळीपाळीनं उशाशी बसून णमोकार म्हणायचे. एका सकाळी वडील कामावर न जाता तिच्याजवळच बसले, तर म्हणाली, "माझ्यासाठी थांबू नको, उसाला पाण्याची पाळी आहे ना आज?" भीती म्हणून तिच्या चेहऱ्यावर नव्हती.

२०१५ साली राजस्थान उच्च न्यायालयानं सल्लेखना म्हणजे आत्महत्याच असं ठरवलं, तेव्हा देशभर समाज रस्त्यावर उतरला होता. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. आत्महत्येत माणूस जगण्याला वैतागलेला असतो. माझी आज्जी वैतागलेली नव्हती, तिचं आवरून झालं होतं. हा फरक ज्यानं जवळून पाहिला त्याला कायदा समजवावा लागत नाही.

रात्रपाळी_मिरज

मिरजेत इतकी हॉस्पिटलं आहेत की कर्नाटकातूनही माणसं येतात, काही परत जात नाहीत. मी अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. पलीकडचं मला माहीत नाही, उंबरठ्यापर्यंतचं सांगते, कारण नातेवाईक त्यालाच जास्त घाबरतात.

आधी भूक जाते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसते. श्वास भरभर चालतो, मग थांबतो, सगळे एकमेकांकडे बघतात, आणि तो पुन्हा सुरू होतो. घशात घरघर लागते. त्या आवाजानं मुलं-मुली कासावीस होतात, "त्यांना किती त्रास होतोय" म्हणतात. ती गिळता न आलेली लाळ असते. माणूस इतका खोल गेलेला असतो की बहुधा त्याला तिचा त्रास जाणवत नाही. एका कुशीवर वळवलं की आवाज कमी होतो.

आणि माणसं बोलतात. शेवटच्या दिवसांत भिंतीकडे बघून "आई आली" म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. हे फक्त आपल्याकडं नाही. अमेरिकेत बफेलोच्या हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांना सांभाळणाऱ्या केंद्रात, ५९ रुग्णांना रोज विचारून नोंदी ठेवल्या, त्यांतल्या ८८ टक्के रुग्णांना अशी स्वप्नं किंवा दर्शनं झाली होती. मरण जवळ येत गेलं तशी गेलेली माणसं जास्त दिसू लागली आणि तीच जास्त धीर देणारी होती. आम्ही त्याला भ्रम म्हणून लगेच इंजेक्शन देत नाही. रुग्ण घाबरला असेल तरच देतो.

मरून परत आल्याचं सांगणाऱ्यांबद्दलही लिहिते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००१ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं: हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनी काहीतरी अनुभव सांगितला. उजेड, शांतता, गेलेली माणसं. पुढे एका मोठ्या अभ्यासात छताजवळच्या फळ्यांवर चित्रं ठेवली, शरीराबाहेर गेलेल्याला वरून दिसतील अशी. कुणालाच चित्र सांगता आलं नाही, पण बहुतेकांचं हृदय बंद पडलं ते फळ्या नसलेल्या खोल्यांत, त्यामुळे कुठलीच बाजू सिद्ध झाली नाही. २०२३ साली मिशिगनमध्ये व्हेंटिलेटर काढल्यावर चारपैकी दोघांच्या मेंदूत जागेपणी दिसतात तशा वेगवान लहरी उसळलेल्या आढळल्या. ते काय पाहत होते हे सांगायला दोघेही उरले नाहीत.

आपल्याकडचा अनुभव मात्र निराळा आहे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले इयन स्टीव्हन्सन यांनी १९८६ साली भारतातली प्रकरणं छापली. त्यांत बोगदा-उजेड नाही. यमदूत घेऊन जातात, तिथं चोपडी उघडतात, आणि "हा नव्हे, दुसरा आणायचा होता" म्हणून परत पाठवतात. माझ्या आजोळी आटपाडीकडं हीच गोष्ट एका म्हातारीबद्दल सांगायचे. दरवाजा दिसतो तो आपल्या घराण्याच्या घडणीचाच, असं मला त्यावरून वाटतं. त्यामागं खोली आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

विवेकी_सातारा

पुतण्याच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहितो. आदरानंच लिहितो.

कावळा हुशार पक्षी आहे. माणसांचे चेहरे लक्षात ठेवतो हे सिएटलमध्ये मुखवटे घालून केलेल्या प्रयोगांत दिसलंय. पान मांडून पन्नास माणसं हात जोडून भोवती उभी असतील तर तो उतरणार नाही. ताईंनी स्वतःच लिहिलंय, मंडळी चार पावलं मागे सरली आणि मग कावळा आला. तिथंच उत्तर आहे. विणीच्या दिवसांत तो घरट्याजवळ असतो, पोट भरलेलं असलं तर येत नाही. यात गेलेल्याच्या इच्छेचा संबंध नाही, आणि कावळा शिवला नाही म्हणून एखाद्या घराला वर्षानुवर्षं जे टोचत राहतं ते मला फार क्रूर वाटतं. मी अशी सून पाहिलीय, जिला "तुझ्यामुळेच शिवला नाही" हे भर घाटावर ऐकावं लागलं.

साताऱ्यात वाढलेल्या माझ्या पिढीनं नरेंद्र दाभोलकरांना ऐकलंय. प्रश्न विचारणं म्हणजे अनादर नव्हे हे त्यांच्याकडून शिकलो. २०१३ च्या २० ऑगस्टला पुण्यात त्यांची हत्या झाली, ती सकाळ विसरता येत नाही. माणूस संपवला तरी त्याचं पुढं काय उरतं, हा प्रश्न त्या दिवशी या गावाला फार जवळून पडला होता.

मेल्यानंतर काही नाही असं मी मानतो. त्यानं माझ्या आईचं मोल कमी झालं नाही, उलट वाढलं, कारण ती पुन्हा होणार नाही. तिचं आम्ही तिच्या इच्छेनं देहदान केलं. पहिल्यांदा नेत्रदान: सहा तासांच्या आत व्हावं लागतं, तोवर पंखा बंद, पापण्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी. मग देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात. तिथं शवविच्छेदन सुरू करण्याआधी विद्यार्थी त्या देहासमोर उभे राहून शपथ घेतात. माझी आई चौथी शिकलेली. डॉक्टरकीच्या पोरांची ती पहिली शिक्षिका झाली.

मुलाला खरं सांगा. मुलांना खरं सोसतं.

संगममाहुली

विवेकीसाहेब, त्या सुनेबद्दल तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. असे प्रसंग आमच्या घाटावरही झालेत. वडील फार वेळ थांबू देत नसत. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायचे आणि म्हणायचे, "झालं, उठा, घरी लेकरं उपाशी आहेत." ही सोय परंपरेतच आहे. ती न वापरता माणसांना उन्हात उभं करून दोष शोधणं हा धर्म नव्हे.

पण कावळा माणसं मागं सरल्यावर आला, हे तुमचं खरं धरलं, तरी दिरांनी जमीन न विकण्याचा शब्द दिला तो साऱ्या भावकीसमोर दिला. तो शब्द घेण्यासाठी दुसरी कुठली जागा आहे आपल्याकडे?

विवेकी_सातारा

ही बाजू मी धरली नव्हती. मान्य. फक्त तो शब्द पक्ष्याच्या भीतीनं नको, आईकडे बघून द्यावा असं वाटतं.

शिरोळची_लेक

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, सासर सांगलीत. सगळ्यांचं वाचलं. आत्मा कुठं जातो, किती समयात जातो, कोणत्या वाटेनं जातो. नवरा मेल्यावर बाईचं काय होतं हे अजून कुणी लिहिलं नाही.

माझ्या आईचं सांगते. वडिलांना उचलायच्या आधी तिला ओट्यावर बसवलं. दोन बायकांनी धरलं. एकीनं हात दगडावर ठेवून बांगड्या फोडल्या, एक काच मनगटात घुसली, रक्त आलं, तर "राहू दे, लागतंच" म्हणाल्या. कुंकू पुसलं ते पदरानं खसाखसा. जोडवी निघेनात, बोट सुजलेलं, तेल लावून ओढली. आई ओरडली नाही. ती फक्त बाबांच्या तोंडाकडे बघत होती आणि तिला बघूही देत नव्हते नीट. शेवटचं दर्शन त्या धांदलीत गेलं. त्यानंतर ओटी नाही, हळदीकुंकू नाही, लग्नात मागच्या रांगेत खुर्ची.

गरुडपुराणातले नरक मला माहीत नाहीत. हा मी पाहिला.

म्हणून हेरवाडचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्याच तालुक्यातलं गाव. ४ मे २०२२ ला ग्रामसभेनं ठराव केला, नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्याच्या १७ तारखेला शासनानं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. त्यावर्षी माहेरी गेले तेव्हा आईला बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, "आधी का नाही सुचलं कुणाला." बाकी काही बोलली नाही.

ठराव झाले, तरी दारात प्रेत असताना ठराव कुणी वाचत नाही. ते काम घरातल्या एखाद्या माणसानं आधीच ठरवून ठेवायला लागतं.

मिरजकर

ताईच्या पोस्टनंतर काय लिहावं समजेना. पण संगममाहुलीकरांनी विचारलं, शब्द द्यायची दुसरी जागा कुठली, त्याबद्दल आमच्याकडची पद्धत सांगतो.

जनाज्याची नमाज सुरू व्हायच्या आधी मुलगा किंवा भाऊ पुढं येतो आणि जमलेल्यांना सांगतो, "वडिलांकडं कुणाचं काही देणं राहिलं असेल तर माझ्याकडं मागा, आणि त्यांनी कुणाला दुखवलं असेल तर अल्लाहच्या वास्ते माफ करा." माझ्या वालिदांच्या वेळी मी हे बोललो. ते रिक्षा चालवायचे. मागून एक म्हातारे गृहस्थ हात वर करून म्हणाले, "माझंच त्यांच्याकडं देणं आहे, मुलीला दवाखान्यात नेलं तेव्हाचं." ते हिंदू होते, मातीला आले होते.

आमच्यात अंघोळ, कफन, आणि लवकरात लवकर दफन. कबर उत्तर-दक्षिण, तोंड काब्याकडं म्हणजे आपल्याकडून पश्चिमेला. प्रत्येकजण तीन मुठी माती देतो. याच मातीतून घडवलं, हिच्यातच परत पाठवतोय, हिच्यातूनच पुन्हा उठवणार, असं त्या वेळी म्हणतात. मग दोन फरिश्ते येऊन विचारतात, तुझा रब कोण, दीन कोणता, नबी कोण. कयामतपर्यंतचा काळ बरज़खमध्ये, म्हणजे मधल्या मुक्कामात. परत जन्म नाही.

माणूस गेला की त्याचं खातं बंद होतं, तीन गोष्टी सोडून: लोकांच्या उपयोगी पडत राहील असं दान, दिलेलं ज्ञान, आणि दुआ करणारी औलाद. वारणाकाठच्या भाऊंकडं इथून पाठवलेलं पोचत नाही, आमच्यात पोचतं. मी रोज पाठवतो.

बसवमाळ

थोडक्यात लिहितो. आम्ही लिंगायत. आमच्यात बसवून माती देतात, मांडी घातलेली, डाव्या तळहातावर इष्टलिंग. लिंगैक्य झाला म्हणतो, मेला म्हणत नाही. सुतक नाही. वडिलांना खड्ड्यात उतरवताना मी आत उतरलो होतो, त्यांची मान छातीवर पडत होती ती मी हातानं धरली, विभूती लावली. ते इतके जड कधी वाटले नव्हते. पुढं काय, ह्याचा विचार त्या क्षणी आला नाही.

परगावची_मुलगी

माझे बाबा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. कोरोना. माझी आई घरात, मी पुण्यात अडकलेली, भाऊ पॉझिटिव्ह. चेहरा दाखवला नाही, अग्नी कुणी दिला माहीत नाही. रक्षा मिळाली ती नाव लिहिलेल्या पिशवीत. दहावा नदीवर न होता घराच्या गच्चीवर केला.

तुम्ही सगळे ते कुठं गेले याबद्दल लिहिताय. मला अजून ते गेलेत हेच धड वाटत नाही. दारात चप्पल वाजली की मान वळते. आदल्या रात्री एका सिस्टरनं त्यांच्या कानाला फोन लावला होता. ते बेशुद्ध होते. मी खूप बोलले. रात्रपाळीताई, ऐकू गेलं असेल का हो?

रात्रपाळी_मिरज

बाळा, त्या दिवसांत मीही असे फोन धरलेत. ग्लोव्हजमधून स्क्रीन चालायची नाही, दुसऱ्या सिस्टरला बोलवावं लागायचं.

माहीत आहे तेवढंच सांगते. कॅनडात, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात, हॉस्पिसमधल्या मरणासन्न रुग्णांच्या मेंदूचे आलेख घेतले होते, २०२० साली छापून आलं. हाक मारली तरी प्रतिसाद न देणाऱ्या काहींचा मेंदू आवाजातला बदल टिपत होता, धडधाकट माणसाचा टिपतो तसाच. आवाज पोचत होता. त्यांना अर्थ लागत होता का, हे त्यावरून सांगता येत नाही. आम्हाला मात्र शिकवतात ते हेच, की बेशुद्ध माणसाच्या खाटेजवळ त्याला ऐकू येतंय असं धरूनच बोलायचं. तुझ्या बाबांच्या कानाला फोन लावणाऱ्या सिस्टरनं तो उगाच लावला नव्हता.

अशा वेळी आवाज ऐकून नाडी बदलते का हे बघायची मला सवय आहे. कधी बदलते, कधी नाही. न बदलली तरी मी फोन लगेच काढून घेत नाही.

परगावची_मुलगी

हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आईला वाचून दाखवलं.

घाटावरची_सांगली

सगळं दोनदोनदा वाचलं. काल रात्री मुलाजवळ बसले.

त्याला म्हटलं, आबांचं शरीर आपण जाळलं, त्याची राख तू पाहिलीस, ते परत येणार नाही. एवढं सगळ्यांना नक्की माहीत आहे. त्यापुढचं नक्की कुणालाच माहीत नाही. काकींना वाटतं ते कावळ्याच्या रूपानं आले. भटजींना वाटतं ते लांबच्या वाटेला लागलेत. दादाला वाटतं ते संपले. आपल्या वर्गातल्या अमक्याच्या घरी वाटतं त्यांचा लगेच दुसरा जन्म झाला, तमक्याच्या घरी वाटतं ते झोपलेत आणि एक दिवस उठतील. सगळे चांगले आहेत, कुणी खोटं बोलत नाही. त्यानं विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हटलं, ते कुठंतरी असावेत असं मला फार वाटतं, पण ते आहेत असं मी तुला सांगू शकत नाही. तो म्हणाला, "मग आबांना आता माहीत झालं असेल." आणि त्यांच्या रेडिओचे सेल मला हवेत म्हणाला.

विवेकीदादा, मुलांना खरं सोसतं हे पटलं. पण आपलं 'माहीत नाही' हेही खरंच आहे, ते 'काही नाही' म्हणून द्यायला माझं मन धजलं नाही.

शिरोळची_लेक

घाटावरच्या ताई, मुलाचं कळलं. तुमच्या सासूबाईंचं काय केलं? तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये त्यांच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही.

घाटावरची_सांगली

विचारलंत ते बरं केलं.

आबांना उचलायच्या वेळी भावकीतल्या बायका पुढं आल्याच होत्या. आईंनी हात मागे घेतले. म्हणाल्या, "कुंकू मला माझ्या आईनं लावलंय, परकर-पोलक्यात होते तेव्हापासून. ते ह्यांच्याबरोबर आलं नव्हतं." दीर मधे उभे राहिले, त्यामुळे पुढं कुणी बोललं नाही. मंगळसूत्र त्यांनी रात्री स्वतःच्या हातानं काढलं आणि लोखंडी पेटीत ठेवलं, तेही कुणी सांगितलं म्हणून नाही. बांगड्या आहेत. पण तेव्हापासून शेजारच्या दोघी घरी यायच्या बंद झाल्यात, आणि "म्हणूनच कावळा लवकर शिवला नाही" ही कुजबुज माझ्याही कानावर आलीय.

आता पुढचं. घरात मयत झालंय म्हणून पुतणीचं लग्न वर्षाच्या आत करायचं ठरतंय, नाहीतर तीन वर्षं थांबायला लागेल. पुतणीची इच्छा आहे की पहिली हळद आज्जीनं लावावी. आई आधी नको म्हणाल्या, मग गप्प राहिल्या, म्हणजे त्यांच्या मनात आहे. मुलाकडची मंडळी कवठेमहांकाळकडची, जुन्या वळणाची. दिवाळीआधी बोलणीला बसणार आहोत आणि हा विषय मी तिथंच काढणार आहे, आयत्या वेळी मांडवात नको. शिरोळच्या ताई, किंवा आणखी कुणी, तुमच्याकडे असं झालं असेल तर व्याह्यांशी आधी कुणी बोलावं, बाईनं की पुरुषानं, आणि बोलणीत की वेगळं घरी जाऊन, ते लिहा.